आधी विरजण, मग लोणी

मुलांनो, खाली इंग्रजीतली पाच वाक्यं आहेत. त्यांचा क्रम मुद्दाम बिघडवला आहे. वाक्यं इंग्रजी असली तरी ती देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे घरात ज्यांना ए-बी-सी-डी येत नाही त्यांनाही ती वाचता येतील. असं का, ते पुढं कळेलच. आता या पाच वाक्यांखालचा मजकूर वहीनं झाका, पेन्सिल घ्या आणि क्रम लावून पाहा बरं.

(क) देन शी पोअर्स सम वॉटर इन अँड चर्न्स इट.
(ख) माय ग्रँडमदर बॉइल्स द मिल्क इन द ईव्हनिंग.
(ग) सून द बटर कम्स अप अँड फ्लोट्स ऑन द टॉप.
(घ) बाय मॉर्निंग, द मिल्क हॅज टर्न्ड इंटू कर्ड.
(च) व्हेन इट इज लूकवॉर्म, शी अ‍ॅड्स अ स्पून ऑफ कर्ड टू इट.

झालं? ख, च, घ, क, ग असा क्रम आला असेल तर शाब्बास!

आता खरं खरं सांगा. ‘लूकवॉर्म’ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? फार थोड्यांना असेल. लूकवॉर्म म्हणजे कोमट. पण तो शब्द न कळताही ते वाक्य तुम्ही दूध तापवल्यानंतर आणि दही होण्याच्या आधी ठेवलंत. कसं काय? कारण दूध तापतं, मग निवतं, त्याला विरजण लागतं, रात्रभरात दही होतं आणि सकाळी रवीनं घुसळलं की लोणी वर येतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. निदान आजीकडून ऐकलेलं तरी आहे. (जाणत्या आज्या म्हणतील, आम्ही तर नुसत्या सायीला विरजण लावतो. तेही खरं. पण पाच वाक्यांत सगळं कुठं मावणार?)

लोण्याचंच उदाहरण का घेतलं? तर मी लोणीचा! लोणी म्हणजे प्रवरानगरजवळचं नव्हे आणि लोणी काळभोरही नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, धामणीच्या शेजारी आमचं लोणी आहे. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात धो धो पाऊस कोसळतो आणि आम्ही पूर्वेकडचे लोक आभाळाकडं बघत बसतो. बाजरी, ज्वारी, कांदा, दोन-चार दुभती जनावरं, असा आमचा संसार. गावाचं नाव ऐकलं की पाहुणे हटकून विचारतात, ‘काय हो, नावापुरतं लोणी की खायलाही मिळतं?’

या भागात मी बरीच वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं. वाक्यांचा क्रम लावायच्या या प्रश्नाला आमची मुलं ‘उलटापालटीचा प्रश्न’ म्हणत. आणि त्याला फार भीत. बरेच जण तो सोडूनच देत. काही जण वाक्यं जशी दिलीत तशीच उतरवून काढत; एखादं तरी जागेवर लागेल, ही आशा. एका बहाद्दरानं तर स्वतःचा नियमच केला होता: सगळ्यांत आखूड वाक्य आधी, सगळ्यांत लांब शेवटी! विचारलं तर म्हणाला, ‘सर, प्रार्थनेच्या रांगेत उंचीप्रमाणेच उभं करतात की.’

हसू आलं ना? मलाही आलं. पण या मुलांच्या घरी इंग्रजी हा हसण्याचा विषय नव्हता. दहावीला ‘इंग्रजीत गेला’ म्हणजे पोराचं शिक्षण संपलं आणि ‘इंग्रजीत गेली’ म्हणजे पोरीचं लग्न ठरलं, असा हिशेब मी कितीतरी घरांत पाहिला. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळं चौथीतून शाळा सुटलेल्या आईबापांनी इंग्रजीचं पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलेलं नसायचं. अभ्यासाचं काही विचारलं की ते म्हणायचे, ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुझं तू बघ.’

नववीतल्या एका मुलीच्या घरी असंच होतं. तिची आई चौथीत शाळेतून निघालेली. मुलगी कामसू, गणितात हुशार, पण इंग्रजीच्या तासाला बाकाखाली शिरायचीच बाकी. तिला मी पाच कागदी पट्ट्या दिल्या आणि घरी क्रम लावून आणायला सांगितलं. शेतकरी कांदे उपटतात; कांदे तीन दिवस शेतात पडून राहतात; पात वाळली की ती कापतात; मग कांदे चाळीत साठवतात; भाव बरा आला की मंचरच्या बाजाराला नेतात, अशा अर्थाची ती वाक्यं होती. मराठी अर्थ तिनं स्वतःच शब्दकोशात बघून मागं पेन्सिलीनं लिहिले.

तिनं पट्ट्या लावल्या त्या अशा: कांदे उपटले, लगेच पात कापली, मग तीन दिवस शेतात ठेवले. आई शेजारी भाकरी थापत होती. तिनं मुलीचं ऐकलं आणि म्हणाली, ‘अगं, वली पात कापशील तर कांदा टिकंल का? चाळीत भरलास की दिवाळीच्या आत पाणी सुटंल त्याला. आधी वाळू दे, मग काप.’ आणि पिठाच्या हातानं तिनं ती पट्टी उचलून खाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी मला म्हणाली, ‘सर, आईनं लावलं. आणि आईला तर इंग्रजी येतच नाही!’ पट्टीवर पिठाची बोटं तशीच होती. मी तिला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ‘व्हेन द लीव्ह्ज आर ड्राय, दे कट देम ऑफ.’ त्यात ‘ड्राय’ हा शब्द होताच! आईला जे शेतानं शिकवलं होतं तेच या शब्दानं सांगितलं होतं. मुलीनं तो वाचला होता, पण त्याला विचारलं नव्हतं की बाबा, तू कुणाच्या नंतरचा?

पुढं ती मुलगी हा प्रश्न कधी सोडून देईना. दहावीला इंग्रजीत बेचाळीस मार्क पडले. फार नाहीत, पण अकरावीला मंचरला जायला तेवढे पुरले.

आता तुम्ही म्हणाल, ‘म्हणजे इंग्रजी शिकायलाच नको! कांद्याचं माहीत असलं की झालं.’ नाही हं. परीक्षेत दरवेळी कांदेच येतील, असं थोडंच आहे? उद्या पेंग्विन पक्ष्यावरची वाक्यं आली तर आई काय करणार? तिथं वाक्यांनाच विचारावं लागतं. आणि गंमत म्हणजे वाक्यं उत्तर देतात. प्रत्येक वाक्यात एखादा तरी शब्द असा असतो, जो मान वळवून मागं पाहत असतो. तो शब्द पकडायचा आणि तो कुणाकडं पाहतोय हे शोधायचं, एवढंच काम.

आधी सर्वनामं घ्या. वरच्या लोण्याच्या वाक्यांत ‘शी’ दोनदा आली आहे. शी म्हणजे ती. पण ती कोण? हे सांगणारं वाक्य एकच, ग्रँडमदरचं. तेव्हा ते आधी आलंच पाहिजे. पाहुण्याची ओळख करून दिल्याशिवाय आपण ‘ते चहा घेणार नाहीत’ असं म्हणतो का? तसंच आहे हे. इथं इंग्रजी आपल्याला थोडी जास्तच मदत करते. मराठीत राजाही ‘तो’, दगडही ‘तो’ आणि कांदाही ‘तो’. इंग्रजीत राजा ‘ही’, पण दगड आणि कांदा ‘इट’. ‘इट’ दिसलं की माणसं सोडून द्या आणि वस्तू शोधा. ‘दे’ दिसलं की एकापेक्षा जास्त काय आहे ते शोधा.

मग येतात ‘अ’ आणि ‘द’. हे दोन चिमुकले शब्द आपल्या मुलांना फार छळतात, कारण मराठीत ते नाहीत असं आपण समजतो. नाहीत कसे? आजीची गोष्ट आठवा. आटपाट नगर होतं. तिथं एक म्हातारी राहायची. त्या म्हातारीचं एक खोपटं होतं. त्या खोपट्याला दार नव्हतं. पाहिलंत? पहिल्यांदा भेटली तेव्हा ‘एक म्हातारी’, दुसऱ्यांदा भेटली तेव्हा ‘त्या म्हातारीचं’. हेच इंग्रजीत ‘अन ओल्ड वूमन’ आणि मग ‘द ओल्ड वूमन’. ‘अ’ किंवा ‘अन’ म्हणजे नवी ओळख, ‘द’ म्हणजे जुनी ओळख. म्हणून ‘अ फॉक्स’वालं वाक्य आधी आणि ‘द फॉक्स’वालं नंतर. मात्र जरा जपून! सूर्य, चंद्र, आभाळ यांची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही, म्हणून ‘द सन’ पहिल्या वाक्यातसुद्धा ऐटीत येऊन बसतो. लोण्याच्या पहिल्या वाक्यातही ‘द मिल्क’ आहेच, कारण घरातलं रोजचं दूध कुठलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बाकी ‘बट’, ‘सो’, ‘देन’, ‘अनदर’, ‘इन्स्टेड’, ‘अ‍ॅट लास्ट’ ही मंडळी तर उघडउघड मागं पाहतात. ‘बट’च्या आधी उलटं काहीतरी घडलेलं असतं. ‘सो’च्या आधी कारण असतं. ‘अनदर’च्या आधी पहिला असतो. यांची यादी पाठ करत बसू नका. मराठीत ‘पण’, ‘म्हणून’, ‘मग’, ‘दुसरा’, ‘त्याऐवजी’, ‘शेवटी’ हे जे करतात तेच काम ते करतात.

एक गोष्ट मात्र मराठीपेक्षा वेगळी आहे, ती इथंच सांगून टाकतो. वाक्याच्या आतले शब्द इकडंतिकडं केले तर मराठीचं फारसं बिघडत नाही. ‘मांजरानं उंदीर पकडला’ म्हणा, नाहीतर ‘उंदीर मांजरानं पकडला’ म्हणा, जीव उंदराचाच जातो. कारण मांजराच्या पाठीला ‘नं’ चिकटलेला आहे. ते कुठंही गेलं तरी ओळखू येतं. इंग्रजीत ‘द कॅट कॉट द रॅट’ उलटून ‘द रॅट कॉट द कॅट’ केलंत, तर उंदीर मांजराला धरून नेईल! म्हणून शब्दांच्या क्रमात इंग्रजी कडक आणि मराठी सैल. पण वाक्यांच्या क्रमात? तिथं दोघी सख्ख्या बहिणी. जे एकीला चालत नाही ते दुसरीलाही नाही. मराठी शाळेतल्या मुलांनी एवढं जरी ध्यानात घेतलं, तरी भीती अर्धी होईल. गोष्ट सांगायला तुम्ही तीन-चार वर्षांचे असल्यापासून शिकलेलेच आहात.

आता थोडं गणित. पाच वाक्यं किती प्रकारांनी मांडता येतील? पहिल्या जागी पाचांपैकी कुठलंही, दुसऱ्या जागी उरलेल्या चारांपैकी कुठलंही, असं करत ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे १२० प्रकार. सहा वाक्यं असतील तर ७२०! म्हणून अंदाजानं ठोकणाऱ्याचं नशीब क्वचितच लागतं. पण समजा, दोन वाक्यं एकमेकांना घट्ट चिकटणारी सापडली. लोण्यात ‘बॉइल्स’ आणि ‘लूकवॉर्म’ची वाक्यं तशी आहेत. त्यांची जोडी बांधली की पाचाची चार झाली. १२०चे २४ प्रकार उरले. दही झालं आणि घुसळलं, ही दुसरी जोडी बांधली की तीनच उरली. प्रकार फक्त सहा! मग त्या सहांतून निवडणं किती सोपं. म्हणून मी मुलांना सांगायचो, पहिलं वाक्य सापडेना तर डोकं धरून बसू नका. रेल्वेचे डबे जोडतात तशा जोड्या जोडा, इंजिन कुठलं ते आपोआप कळतं. पुढं स्पर्धा परीक्षांत हाच प्रश्न चार पर्याय देऊन येतो. तिथं तर एक पक्की जोडी हाती लागली की दोन-तीन पर्याय तिथल्या तिथं गळून पडतात.

आता जरा वेगळी वाक्यं. ही आमच्याच तालुक्यातली आहेत.

(क) ही वेंट टू मुंबई अँड वर्क्ड इन अ कॉटन मिल.
(ख) द ट्रक वॉज लोडेड विथ फॉरेन क्लॉथ.
(ग) बाबू गेनू वॉज बॉर्न इन महाळुंगे पडवळ, अ व्हिलेज इन आंबेगाव तालुका.
(घ) टुडे द लेक बिहाइंड द डिंभे डॅम बेअर्स हिज नेम.
(च) ऑन १२ डिसेंबर १९३०, ही ट्राइड टू स्टॉप अ ट्रक इन काळबादेवी.
(छ) इट डिड नॉट स्टॉप, अँड द यंग मॅन लॉस्ट हिज लाइफ.

ग पहिलं, कारण नाव तिथंच आहे. मग क. मग च, त्यात ‘अ ट्रक’ येतो. मग ख, कारण तोच ट्रक आता ‘द ट्रक’ झाला. मग छ, त्यात ट्रकचा ‘इट’ झाला. ‘अ ट्रक’, ‘द ट्रक’, ‘इट’, एकाच ट्रकची तीन रूपं आणि ती याच क्रमानं येतात. छ मधला ‘द यंग मॅन’ मात्र चकवतो. मुलांना वाटतं, हा कुणीतरी नवा तरुण आला. नवा कसला? ‘द’ लागलाय ना! तो बाबू गेनूच. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेला तेव्हा तो जेमतेम बाविशीतला होता. शेवटी घ. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात, ते त्याच्यामुळंच.

पण थांबा. एकदा वर्गात एका मुलानं हात वर केला. म्हणाला, ‘सर, मी ही गोष्ट सांगताना धरणापासून सुरुवात करीन. धरण आम्ही सहलीत पाहिलंय. आधी धरण दाखवायचं, मग त्याला हे नाव कसं पडलं ते सांगायचं.’ किती छान विचार केला पाहा! घडतं त्याच क्रमानं सांगायचं, असा काही कायदा नाही. वर्तमानपत्रवाले कोण जिंकलं ते आधी सांगतात आणि सामना कसा झाला ते नंतर. मी त्याला म्हटलं, ‘कर तशी सुरुवात. मात्र वाक्यं बदलावी लागतील.’ कारण ‘हिज नेम’ पहिल्याच वाक्यात आलं तर वाचणारा विचारील, कुणाचं नाव? मग त्यानं नवी वाक्यं केली. धरणाच्या वाक्यात ‘हिज’ काढून ‘बाबू गेनूज’ घातलं आणि महाळुंग्याच्या वाक्यात ‘ही हॅड बीन बॉर्न’ लिहिलं. हा ‘हॅड’ म्हणजे आपला ‘होता’. ‘आला’ आणि ‘आला होता’ यांत जो फरक, तोच. ‘हॅड’ दिसला की समजायचं, सांगणारा मागं गेलाय.

हा खेळ काही परीक्षावाल्यांनीच खेळलेला नाही. तीनशे वर्षांपूर्वी एका मुलानं तो स्वतःला शिकवण्यासाठी खेळला होता. त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. होय, वादळात पतंगाचा प्रयोग करणारा आणि १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा तोच. त्याचा जन्म बोस्टन शहरात १७०६ साली झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या करत. दहाव्या वर्षीच मुलाची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. तिथं ‘स्पेक्टेटर’ नावाच्या लंडनच्या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती आला. तोही तिसरा, पहिला-दुसरा नव्हताच! त्यातले निबंध त्याला इतके आवडले की आपल्यालाही असं लिहिता यावं असं वाटू लागलं.

शिकवणारं कुणी नव्हतं. मग त्यानं काय करावं? निबंधातल्या एकेका वाक्याचा आशय तो थोडक्यात टिपून ठेवी. काही दिवस जाऊ दिले की त्या टिपणांवरून, पुस्तक न बघता, निबंध पुन्हा लिहून काढी आणि मूळ निबंधाशी ताडून चुका सुधारी. आणि पुढची युक्ती तर आपल्याच खेळाची. कधी कधी तो आपली टिपणं मुद्दाम विस्कटून टाकी, कित्येक आठवडे तशीच राहू देई आणि मग ती नीट क्रमानं लावून लिहायला बसे. विचार कसे मांडावेत हे आपण यातून शिकलो, असं त्यानं पुढं आत्मचरित्रात लिहिलं आहे. कधी कधी एखाद्या बारीकशा जागी आपलं मूळ लेखकापेक्षा बरं झालंय, असंही त्याला वाटायचं! हे सगळं तो कधी करी? रात्री काम संपल्यावर, पहाटे कामाच्या आधी आणि रविवारी. विशेष म्हणजे इंग्रजी ही त्याची घरचीच भाषा होती, तरी त्याला हा खेळ खेळावासा वाटला.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मुलांनो, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी या एका प्रश्नात तुम्ही मुलाला मदत करू शकता. वर्तमानपत्रातली सात-आठ ओळींची एखादी मराठी बातमी घ्या, वाक्यावाक्याला कात्री लावा आणि तुकडे ताटात मिसळून मुलापुढं ठेवा. त्यानं लावले की एकच विचारायचं: ‘हे आधी का?’ उत्तर चूक की बरोबर हे नंतर बघू. कारण सांगता आलं पाहिजे. आठ-दहा दिवस मराठीत झालं की मग इंग्रजी पुस्तकातला एखादा उतारा तसाच कापा. (अख्खं पुस्तक कापू नका, वहीत उतरवून घ्या. नाहीतर मला शिव्या बसतील.) मुलानं प्रत्येक वाक्याचा अर्थ तुम्हाला मराठीत सांगायचा आणि तुम्ही त्याला अडवायचं: ‘तो म्हणजे कोण रे? मघाशी तर तू काही सांगितलं नाहीस.’ एवढं अडवायला इंग्रजी लागत नाही.

शिक्षकमित्रांनाही एक विनंती आहे. एका परीक्षेत मी अशी वाक्यं पाहिली होती: पाऊस पडत होता, बस उशिरा आली, मुलं झाडाखाली थांबली. उत्तरात पाऊस, मुलं, बस असा क्रम होता. एका मुलीनं पाऊस, बस, मुलं असा लावला आणि तिचे मार्क गेले. तिचं म्हणणं, बस उशिरा आली म्हणूनच मुलं थांबली! यात तिचं काय चुकलं? ती वाक्यं नुसतीच शेजारी ठेवली होती. मागं पाहणारा एकही शब्द त्यांत नव्हता. ‘सो’ किंवा ‘अ‍ॅट लास्ट’ असं काही घातलं असतं तर दुसरा क्रम जमलाच नसता. दोन क्रम जमत असतील तर प्रश्न कच्चा आहे, मूल नव्हे. अशा वेळी मुलाला कारण विचारावं आणि पटलं तर मार्क द्यावेत. माझं तरी असं मत आहे.

आता जाता जाता पाच वाक्यं तुमच्यासाठी. ही जुन्नर तालुक्यातल्या खोडदची आहेत. यांचं उत्तर मी देणार नाही.

(क) देअर आर थर्टी ऑफ देम, अँड ईच इज फॉर्टी-फाइव्ह मीटर्स वाइड.
(ख) निअर नारायणगाव, इन अ व्हिलेज कॉल्ड खोडद, देअर इज अ फेमस टेलिस्कोप.
(ग) टुगेदर दे कॅच द फेंट रेडिओ वेव्ह्ज कमिंग फ्रॉम द स्काय.
(घ) इट हॅज नो लेन्स लाइक द टेलिस्कोप इन युअर सायन्स बुक.
(च) इन्स्टेड, इट हॅज ह्यूज डिशेस.

घाई करू नका. ‘देम’ म्हणजे कोण, ते आधी शोधा.